काकूंना पोहता येतं

आम्ही चौघी सुरतेत, बमरोलीला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. मी सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर. माझ्या खाली काकू. काकू यवतमाळकडच्या. बालवाडीत मदतनीस म्हणून उभं आयुष्य काढलं आणि आता घरी बसल्या होत्या. तळमजल्यावर एका खोलीत पार्लर चालवणारी मुलगी. तिचे आईवडील धुळ्याचे, पण ती सुरतेतच जन्मलेली, त्यामुळे निम्मी मराठी बोलायची आणि निम्मी गुजराती. चौथी परभणीची. तिला भेस्तानला सरकारी घर लागलं आणि ती सामान टेम्पोत टाकून निघून गेली. ती गेली त्याच दिवशी पार्लरवालीनं मोबाइलवर आमचा गट केला. दुपारी जिन्यात बसून आम्ही गप्पा मारायचो, म्हणून गटाचं नावही तिनं ‘दुपार’ ठेवलं.

ही दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. माझं काम घरबसल्या. भरतकाम झालेल्या साड्यांचे गठ्ठे येतात, मागच्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीनं कापायचे आणि घडी घालून परत द्यायच्या. थंडीत हे काम बरं वाटतं. एप्रिल-मेमध्ये मात्र डोक्यावर तापलेला स्लॅब आणि मांडीवर सिंथेटिक साडी. पंखा फिरतो तो गरम हवाच खाली ढकलत. नवरा हजीऱ्याला कारखान्यात, सकाळी सहाच्या बसनं जातो. मुलं सुट्टीत गावाला. घरात मी आणि सासूबाई. त्या जेवल्या की ओल्या फडक्यानं फरशी पुसून तिथेच आडव्या व्हायच्या, आणि मी फोन उशीला टेकवून धागे कापत बसायची.

गटावर दिवसभर काही ना काही चालूच. परभणीची सकाळी सकाळी लिहायची, ‘आमच्याकडं लाईट गेली, तुमच्याकडं?’ पार्लरवाली फोनवरच्या तापमानाचा फोटो टाकायची, बेचाळीस. त्यावर काकू लिहायच्या, ‘आमच्याकडे यवतमाळले ह्याले गारवा म्हनते.’ मग कोणी पन्ह्याचं विचारायचं, कोणी ताडगोळे कुठे चांगले मिळतात ते सांगायचं. संध्याकाळी क्रिकेटची मॅच असली की पार्लरवाली चेंडू न् चेंडू कळवायची. आमच्यापैकी तिघींना त्यातलं फारसं कळत नव्हतं, तरी ‘आऊट’ आलं की आम्ही रडणारी तोंडं पाठवायचो. परभणीचा गळा फार गोड. ती भांडी घासता घासता गायची आणि तसंच रेकॉर्ड करून पाठवायची. गाण्यात मधेच नळाचा आवाज, मधेच तिच्या मुलाला ‘सर बाजूला’ असं दटावणं. मी ती गाणी दोन-दोनदा लावायची. कात्री तालावर चालायची.

एका दुपारी तिनं असाच प्रश्न टाकला. ‘खरं सांगा, आता या मिनिटाला काय मिळालं तर पाहिजे?’

पार्लरवालीनं लिहिलं, ‘एसी.’ मी लिहिलं, ‘आइस डिश, किसलेल्या बर्फावर काळा खट्टा.’ काकूंचं उत्तर बऱ्याच वेळानं आलं. त्या एका बोटानं टाइप करायच्या. ‘विहीर. लहानपनी मी विहिरीत उडी मारत होतो. वरून. डोकं खाली पाय वर. पूरा उन्हाळा पान्यातच राहो.’ त्यांच्याकडच्या बायका ‘मी येते’ न म्हणता ‘मी येतो’ म्हणतात, हे आम्हाला सवयीचं झालं होतं.

आम्ही सगळ्या चकित. बालवाडीतल्या पोरांची नाकं पुसणाऱ्या, जिना चढताना दर मजल्यावर थांबणाऱ्या आमच्या काकू विहिरीत उडी मारायच्या! परभणीनं टाळ्या पाठवल्या. मी चेष्टेत लिहिलं, ‘मग चला ना काकू, आपण पालिकेच्या तलावात पोहायला जाऊ.’ पुढे हसणारी तीन तोंडं.

माझी चेष्टा होती, पण पार्लरवालीनं ती उचलून धरली. तिच्या गिऱ्हाईक असलेल्या एक बाई तिथे बायकांना पोहायला शिकवायच्या. तासाभरात तिनं फॉर्मचा फोटो टाकला. बायकांची वेळ सकाळी नऊ ते दहा. डॉक्टरांचा दाखला लागेल, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख लागेल, रबरी टोपी लागेल. खाली लिहिलं, ‘काकूंना तर आवडे छे, आपल्याला शिकवतील.’ गुजरातीत ‘आवडे छे’ म्हणजे ‘येतं’.

काकूंनी लिहिलं, ‘हाव. येतो.’

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी फडकं बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि अहिराणीत म्हणाल्या, “पानीमा कसाले जास? घरमा बादली नही का?” नवरा मात्र एवढंच म्हणाला, “जायचं तर जा, पण दमून आलीस तर साड्या कोण कापणार?” मी म्हटलं मीच कापीन. मलाच नवल वाटत होतं की मी खरंच जायला निघाले आहे. मला पोहता येत नव्हतं. आमच्या गावाची नदी उन्हाळ्यात कोरडी, त्यामुळे शिकण्याचा प्रश्नच आला नव्हता.

पहिल्या दिवशी आम्ही तिघी बसनं गेलो. परभणीचीला भेस्तानहून रोज येणं शक्य नव्हतं, ती फोनवरूनच आमच्याबरोबर. कपडे बदलून बाहेर आलो तेव्हा एकमेकींकडे बघवेना. रबरी टोपीत तिघींचीही डोकी उकडलेल्या बटाट्यासारखी दिसत होती. काकूंच्या पोशाखाच्या बाह्या घट्ट, त्या सारख्या ओढत होत्या. शिकवणाऱ्या बेन काठावर उभ्या होत्या. त्या काकूंना हसून म्हणाल्या, “आवो मासी, तमने तो आवडे छे ने?” म्हणजे तुम्हाला तर येतंच ना.

काकू पायऱ्या उतरल्या. गुडघ्याइतक्या पाण्यात गेल्या आणि बाजूची दांडी धरून उभ्या राहिल्या. तासभर तशाच. बेननी दोनदा हाक मारली. काकू म्हणाल्या, पायात गोळा आला. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, टोपीनं कान दुखतो. तिसऱ्या दिवशी, पोशाख काखेत काचतो. मी आणि पार्लरवाली तोवर दांडी धरून पाय मारायला आणि पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडायला शिकलो होतो. माझ्या नाकातोंडात इतकं पाणी गेलं होतं की जेवताना वरणालाही औषधाची चव लागायची.

तिसऱ्या दिवशी परतताना पार्लरवाली एका गिऱ्हाइकासाठी आधीच उतरली. बसमध्ये काकू खिडकीशी, मी त्यांच्या शेजारी. दोघींचे केस ओले, खिडकीतून येणारी झळ त्या ओल्या केसांमुळे सुखाची वाटत होती. तेवढ्यात गटावर परभणीचा प्रश्न आला. ‘काकू, मारली का नाही उडी?’

काकूंनी चष्मा लावला. एका बोटानं काहीतरी लिहिलं. माझ्या हातातला फोन थरथरला. मी पाहिलं. ‘हाव. दोन मारल्या.’

त्यांच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही. काय करावं सुचेना म्हणून गटावर एक अंगठा टाकला. आता त्यांचा फोन वाजला. त्यांनी माझा अंगठा पाहिला, चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि स्टॉप येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

बसमधून उतरल्यावर त्या सावलीत थांबल्या. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि मलाही हातानं बसवलं.

“मले पोयता येत नाई,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “मला वाटलंच.”

“विहीर होती. खोटी नाई. माहे दोन भाऊ उड्या मारत. मी काठावर बसो त्यायचे कपडे सांभाळत. लहान भावाच्या पाठीले वाळलेला भोपळा बांधो, त्याची दोरी माह्या हातात. मले माय उतरूच देत नव्हती, पोरीची जात म्हणे. पन पाहून पाहून मले सारं ठाऊक होतं. पाय कसे मारते, दम कसा धरते. बालवाडीत उन्हाळ्यात लेकरायले गोष्ट सांगो ना, तं त्याच्यात मीच उडी मारो. लेकरं डोळे मोठे करत. सांगता सांगता मलेच वाटाले लागलं, का मी पोयत होतो.”

मी विचारलं, “मग फॉर्म का भरलात?”

“मले वाटलं, पान्यात उतरलो का येऊन जाईन आपोआप.” आणि त्या हसल्या. मग माझा हात दाबून म्हणाल्या, “गटावर सांगू नोको.” मी वचन दिलं.

दोन दिवस काहीच घडलं नाही. काकू दांडी धरून उभ्या राहायच्या आणि घरी येऊन गटावर मोघम काहीतरी लिहायच्या. पार्लरवाली तिच्या बुडबुड्यांच्या आणि मॅचच्या नादात, तिचं काकूंकडे लक्षच नव्हतं. अडचण झाली ती परभणीमुळे. तिनं लिहिलं, ‘मी शनिवारी यायलेय. माझ्या सोसायटीत सगळ्यांना सांगितलंय, आमच्या काकू या वयात उड्या मारतात म्हणून. मला बघायचंयच. नंतर कोल्ड कोको माझ्याकडून.’

मी ते वाचलं तेव्हा जांभळ्या साडीचे धागे कापत होते. काकूंच्या नावासमोर ‘टाइप करत आहे’ असं दिसायचं आणि बंद व्हायचं. पुन्हा दिसायचं, पुन्हा बंद. मला राहवेना. वचन फक्त सांगायचं नाही एवढंच होतं. मी भराभर लिहिलं, ‘काकूंचा कान दुखतोय. डॉक्टरांनी उडी मारायला मनाई केली आहे.’ आणि पुन्हा कात्री हातात घेतली. फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

पाच मिनिटांत काकू माझ्या दारात. भर दुपारी जिना चढून आल्या होत्या, धापा टाकत. सासूबाई उठून बसल्या.

“माह्या कानाले काय झालं?”

“तुमच्यासाठीच लिहिलं काकू.”

“मी कधी म्हटलं तुले, लिही म्हून? माहं खोटं माहं होतं. चाळीस वर्षांचं होतं. तू काहून त्याले आनखी शेपूट लावलं?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “आता मी लंगडी, बहिरी, सारंच झालो.”

मी रडकुंडीला आले. सासूबाईंनी काकूंना पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. त्यांना काय झालंय ते ठाऊक नव्हतं, त्यांनी विचारलंही नाही. काकू पाणी प्यायल्या, “येतो” म्हणाल्या आणि खाली गेल्या.

अर्ध्या तासानं गटावर त्यांचा आवाज आला. चार मिनिटांचा. मागे त्यांच्या कूलरची घरघर. त्यांनी सगळं सांगितलं. विहीर, भाऊ, भोपळा, दोरी, आई. ‘दोन उड्या मारल्या लिवलं तेबी खोटं,’ म्हणाल्या. ‘कान दुखते हेबी खोटं, ते या पोरीनं माह्या मायेपोटी लिवलं, तिले बोलू नोका. मले पान्याचं भेव वाटते. पायाखालची फरशी दिसते पान्यात, पन हात सोडवत नाई.’ मग जरा थांबून, ‘बस, एवढंच. कोनाले हसायचं असन तं हसा.’

मी तो आवाज ऐकला आणि माझ्यासमोरची साडी तशीच राहिली. मी कात्री बाजूला ठेवून तो पुन्हा लावला. शेवटी पार्लरवालीनं लिहिलं, ‘काकू, मने पण नथी आवडतुं. मी तर नाक धरून उभी राहते. आता तुम्ही माझी दांडी धरा, मी तुमची.’ काकूंनी त्यावर हात जोडलेले पाठवले.

परभणीकडून काहीच आलं नाही. ना त्या दिवशी, ना दुसऱ्या. सकाळी लाईट गेल्याची तक्रार नाही, गाणं नाही. मी तिला वेगळा फोन केला. ती म्हणाली, “मला राग नाही आला, पण वाईट वाटलं बघ. मी इथं नवीन. इथल्या बायका माझ्याशी धड बोलत नाहीत. काकूंच्या उड्यांवरून पहिल्यांदा चार जणी माझ्या दारात येऊन बसल्या होत्या. आता त्यांना काय सांगू?” मला याचा पत्ताच नव्हता. तिच्या रोजच्या गाण्यांवरून मला वाटायचं, ती तिकडे मजेत आहे.

मी म्हटलं, “हेच काकूंना सांग की.”

“मोठ्या माणसाला कसं सांगू?” ती म्हणाली आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला.

शनिवारी ती आली नाही. रविवारी दुपारी मात्र गटावर तिचं रेकॉर्डिंग आलं. चाल लग्नातल्या हळदीच्या गाण्याची, शब्द तिचे. ‘काकू गेली पोहायला, पाणी लागलं भ्यायला.’ पुढच्या प्रत्येक कडव्यात आम्ही एकेक जण होतो. मी कात्री घेऊन पाण्यात उतरलेली, पार्लरवाली बुडता बुडता स्कोअर विचारणारी. आणि मागे तीन-चार बायकांचे आवाज, तिच्या ओळीची शेवटची अक्षरं उचलून धरणारे. गाणं संपल्यावर कोणीतरी अनोळखी बाई हसत म्हणालेली ऐकू आली, “अजून एकदा घ्या ना!” काकूंनी ते गाणं इतक्या मोठ्यानं लावलं की मला वरच्या मजल्यावर ऐकू येत होतं. मग त्यांनी तिला स्वतः फोन केला. काय बोलल्या ते मला माहीत नाही. पाऊण तास बोलत होत्या.

सोमवारी तलावावर काकू स्वतःच बेनकडे गेल्या आणि हिंदीत म्हणाल्या, “मुझे कुछ नहीं आता. पहले से सिखाओ.” बेन हसल्या नाहीत. “सारुं,” म्हणाल्या आणि त्यांना हाताला धरून पहिल्या पायरीवर बसवलं. आधी नुसतं बसायचं. मग पाण्यात फुंकर मारायची. मग दांडी धरून पाय लांब करायचे. बाकीच्या बायका पुढे गेल्या होत्या, काकू आपल्या चालीनं चालल्या होत्या. मला तेव्हा फळी धरून निम्मी रुंदी जमायला लागली होती. पार्लरवालीनं नाक सोडलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एकदा बेननी काकूंना पाठीवर झोपवलं. खाली आपला हात ठेवला आणि डोकं मागे टाकायला सांगितलं. काकूंची मान ताठ, डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही मुठी आवळलेल्या. बेन हळूहळू काहीतरी बोलत होत्या. मी दांडीपाशी उभी राहून बघत होते. एका क्षणी मला दिसलं की बेनचा हात पाण्याबाहेर आहे. काकूंना ते कळलं नव्हतं. त्यांच्या मुठी उघडल्या, मग डोळे उघडले, आणि त्या छताकडे बघत पडून राहिल्या. कान पाण्याखाली असल्यामुळे वेळ संपल्याची शिट्टी त्यांना ऐकू गेली नाही. सगळ्या बायका बाहेर पडल्या तरी त्या तशाच. शेवटी मी जाऊन पायाला हात लावला तेव्हा दचकून उभ्या राहिल्या आणि खोकत खोकत म्हणाल्या, “बाप्पा! किती वेळ होतो मी?”

परभणीची त्याच्या पुढच्या शनिवारी आली. बरोबर तिच्या सोसायटीतली एक बाई होती. फोन आत न्यायची परवानगी नव्हती, त्यामुळे पार्लरवालीला काढायचा होता तो व्हिडिओ राहूनच गेला. त्या दोघी बाकावर बसून बघत होत्या. काकूंनी फळी घेऊन उथळ भागाची रुंदी पार केली. मधे एकदा पाय टेकवला, पण कोणी काही बोललं नाही. पलीकडे पोहोचल्यावर त्यांनी वळून आमच्याकडे न पाहता आधी टोपी नीट केली.

नंतर कोल्ड कोको प्यायला गेलो. टेबलाभोवती बसलो आणि गंमत म्हणजे आम्हाला बोलायला काही सुचेना. रोज गटावर शंभर गोष्टी लिहिणाऱ्या आम्ही, ग्लासात चमचे फिरवत गप्प. दुकानात टीव्हीवर मॅच लागली होती. पार्लरवालीनं मान वळवून ओरडायला सुरुवात केली, मग परभणीच्या सोबत आलेल्या बाईनं तिला एक खेळाडू कोण ते विचारलं, आणि तिथून बोलणं सुटलं ते बस येईपर्यंत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमचा पास संपला. काकूंनी पुढच्या तीन महिन्यांचा घेतला. लग्नसराईचे गठ्ठे घरात तुंबले होते, म्हणून मी तो महिना सोडला आणि पुढे राहूनच गेलं. काकू आजही एकट्याच बसनं जातात आणि आल्यावर जिन्यातून मला हाक मारतात. मी कात्री ठेवून खाली जाते, आणि त्या केस पुसता पुसता आज बेननी काय शिकवलं ते सांगतात.